मायचं पातळ

माझी वहिनी फोपनारला असते. दर दोन-चार फोनांनंतर एकदा तरी ती विचारते, "ताई, तुम्ही नेमकं काय करता ते एकदा सांगा ना. इथं बायका विचारतात." मी सांगते, सिनेमात जी कार्टून माणसं असतात ना, त्यांच्या अंगावरचे कपडे हलवते. मग ती थोडी थांबते आणि म्हणते, "बरं." तिला ते पटलेलं नसतं, आणि त्यात तिची चूक नाही. माणूस चालला की कपडे आपोआप हलतात. त्याच्यासाठी कुणाला व्हँकुव्हरला पगार देऊन का ठेवावं लागतं?

बाबांनी तर पहिल्याच वर्षी निकाल लावून टाकला होता. ते बुऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवर तीस वर्षं कामाला होते. रोज सकाळी फोपनारहून बसनं जायचे आणि रात्री कानात मागांची खटखट घेऊन परत यायचे. आम्ही त्यांच्याशी अजूनही वरच्या पट्टीत बोलतो. माझं काम ऐकून ते म्हणाले होते, "म्हणजे मी खरं कापड केलं, तू खोटं करून राह्यली." त्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणपतीत मी दाखवलेली चाळीस सेकंदांची फिल्म. एक बाई गच्चीवर येते, दोरीवर पातळ वाळत घालते आणि खाली जाते, एवढंच तिच्यात आहे. बऱ्याच जणांनी विचारलं, एवढ्याशा गोष्टीला आठ महिने कसे लागले? तेव्हा गडबडीत मी "कॉम्प्युटर स्लो होता" असं सांगून सुटका करून घेतली. संपादकांनी लिहायला सांगितलंय, तर आता खरं सांगते.

आधी थोडं कामाबद्दल. पडद्यावरचं कापड म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ठिपक्यांची जाळी असते. प्रत्येक ठिपक्याला थोडं वजन असतं आणि शेजारच्या ठिपक्यांशी तो न दिसणाऱ्या स्प्रिंगांनी बांधलेला असतो. काही स्प्रिंगा उभ्या-आडव्या, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत ताना आणि बाना. काही तिरप्या, कापड तिरकं ओढलं तर किती सरकेल ते ठरवणाऱ्या. आणि काही एक ठिपका सोडून पुढच्याला बांधणाऱ्या, त्या घडी किती सहज पडेल ते ठरवतात. मग गुरुत्वाकर्षण लावायचं, वारा लावायचा, आणि प्रत्येक ठिपका पुढच्या क्षणी कुठे असेल याचं गणित करायचं. साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद पातळ घ्या. दर पाच मिलिमीटरवर एक ठिपका ठेवला तर २,४२,००० ठिपके होतात. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चित्रं, आणि दोन चित्रांच्या मध्ये पुन्हा वीस-वीस वेळा हिशेब.

ऐकणाऱ्याला नेहमी वाटतं की जाड कापड अवघड असेल आणि पातळ सोपं. प्रत्यक्षात उलटं आहे. घोंगडी करायला सोपी, मलमल रडवते.

त्याचं कारण मी माझ्या भावाला केळीच्या भाषेत समजावलं होतं. आता आमच्याकडे ड्रिप आलंय, पण लहानपणी पाटानं पाणी द्यायचो. रात्री बारं धरायला बसलेला माणूस डुलक्या घेत तीन तासांनी एकदा उठला, तर तोवर पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात गेलेलं असतं. घाबरून तो पूर्ण बंद करतो. पुन्हा तीन तासांनी उठतो तर आपला वाफा कोरडा. मग तो दुप्पट सोडतो. पाणी जेवढं चपळ, तेवढं लवकर-लवकर उठून बघायला हवं. हलका ठिपका तसा चपळ असतो. स्प्रिंगेनं जरा ओढलं की तो धावतो. कॉम्प्युटरनं उशिरा पाहिलं की तो भलतीकडे गेलेला असतो, त्याला परत ओढलं की त्याहून लांब उलट्या बाजूला जातो, आणि चार-पाच हिशेबांत अख्खं कापड फटाक्यासारखं फुटून पडद्याबाहेर जातं. पहिल्यांदा बघताना खूप हसू येतं. चाळिसाव्यांदा येत नाही.

यावर चांगला तोडगा निघाला तो १९९८ मध्ये. डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विट्किन या दोघांनी एक पद्धत मांडली. तिच्यात आत्ताच्या ओढीवर विश्वास न ठेवता पुढच्या क्षणी ओढ किती असेल हे धरूनच गणित सोडवायचं, म्हणजे पावलं मोठी टाकली तरी कापड फुटत नाही. त्याच्या आदल्या वर्षी पिक्सारच्या 'गेरीज गेम' या छोट्या फिल्ममध्ये स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्याचं जाकीट असंच गणितानं हलवलं होतं. त्या आधी १९९५ च्या 'टॉय स्टोरी'त बहुतेक पात्रं प्लास्टिकची होती, आणि ते सोयीचंही होतं. प्लास्टिकला चुण्या पडत नाहीत.

पण फुटलं नाही म्हणजे ते मलमल झालं असं नाही. ब्लेंडर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, माझी फिल्म मी त्यातच केली. त्यात कापडाचे पाच तयार प्रकार दिलेले आहेत: सुती, डेनिम, लेदर, रबर आणि रेशीम. त्यात पातळ नाही. आपण मराठीत एका अख्ख्या वस्त्राचं नावच 'पातळ' ठेवलंय, आणि इथे रबराला जागा आहे!

मुघलांच्या काळात बुऱ्हाणपूरचं तलम कापड जगभर जायचं. टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात तिथून गेला, त्यानं लिहून ठेवलंय की इथलं अगदी पारदर्शक पांढरं कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, आणि त्याचे बायकांचे बुरखे आणि ओढण्या होतात. सोन्याचांदीच्या तारेचं कापडही निघायचं. ढाक्याच्या मलमलीला लोकांनी नावं दिली होती ती आब-ए-रवाँ, म्हणजे वाहतं पाणी, आणि शबनम, म्हणजे दव. ज्यांनी ती नावं ठेवली त्यांनी कापड फार नीट बघितलं होतं. बाबांच्या मागावर मात्र यातलं काही विणलं गेलं नाही. तिथं ग्रे कापड निघायचं, गाठी बांधून ट्रकनं कुठं कुठं जायचं.

फोपनारचं स्वतःचं एक कापड मात्र जगप्रसिद्ध आहे, आणि ते काशाचं आहे. १९६४ मध्ये आमच्या गावात बुद्धाच्या सात धातूच्या मूर्ती निघाल्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या. बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांना मूर्तीपेक्षा गर्दी जास्त आठवते, आणि गर्दीत हरवलेली चप्पल. मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. मी पहिल्यांदा कॅनडाला निघाले तेव्हा विमान दिल्लीहून होतं. माय आणि बाबा सोडायला आले होते, आणि हातात एक दिवस होता. बाबा म्हणाले, आपल्या गावचा देव पाहून येऊ. डिसेंबर होता. काचेमागे बुद्ध उभा होता, अंगावर इतकं झिरझिरीत वस्त्र की खालचं अंग सगळं दिसतं, आणि वस्त्र आहे हे कळतं ते फक्त कडेवरून. माय शालीत गुरफटून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "केवढं पातळ पांघरलं बापा यानं. थंडी नाई वाजत याले?"

बाबांनी तिला कोपरानं ढोसलं. मी हसले. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या ओतारी कारागिराला याहून मोठी दाद कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. पण हे मला कळायला पुढे बारा वर्षं लागली. तेव्हा माझं लक्ष सामानाच्या वजनाकडे होतं.

माय तीन वर्षांपूर्वी गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर सगळं झालेलं होतं.

तिचे कपडे रीतीप्रमाणे वाटून झाले. जुनी पातळं आधीच गोधड्यांमध्ये गेली होती. आमच्याकडच्या गोधड्या फाडून बघितल्या तर मायचा सगळा संसार वर्षावार निघेल. एकच पातळ बाबांनी ठेवून घेतलं होतं, साधं सुती, फिक्या हिरव्या रंगाचं, विटकरी काठाचं. ते त्यांच्या पेटीत अगदी तळाशी असायचं. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

फिल्म करायला घेतली तेव्हा मनात दुसरं तिसरं कोणी नव्हतं, मायच होती. बाई उभी केली, गच्ची केली, दोरी बांधली, आणि पातळ टाकलं. सुती प्रकार लावला तर चादर दिसायची. रेशीम लावलं तर जाहिरातीतल्या बाईच्या ओढणीसारखं सुळसुळायचं. मधले आकडे लावून बघितले, वजन कमी केलं, घडीचा ताठपणा कमी केला, हवेचा अडथळा वाढवला. तीन महिने रोज रात्री हेच. दिसायला छान व्हायचं. कामावरच्या मुलांनी "सुंदर" म्हटलं. पण ते मायचं नव्हतं आणि का नव्हतं ते मला सांगता येत नव्हतं.

आमच्या धंद्यात अशा वेळी खऱ्या वस्तूचं चित्रीकरण करून समोर ठेवतात. पण व्हँकुव्हरमध्ये पातळ वाळत घालणार कुठे? आमच्या इमारतीत बाल्कनीत कपडे टाकायला बंदी आहे, आणि पाऊस कधी थांबतो? माझ्या स्वतःच्या साड्या ड्रायक्लीनच्या पिशव्यांत उभ्या लटकतात, वर्षातून तीनदा बाहेर येतात. शिवाय त्या नव्या. नव्या सुती साडीत खळ असते, ती कागदासारखी मोडते. वीस वर्षं धुतलेलं सूत वेगळंच पडतं.

म्हणून मी वहिनीला फोन केला. म्हटलं, मायचं ते पातळ धुऊन गच्चीवर वाळत घाल आणि मोबाइलवर शूटिंग करून पाठव. वहिनी गप्प झाली. फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं.

"तिचं पातळ कुणी काढायचं नाई," मागून बाबांचा आवाज आला. "सिनेमासाठी तर नाईच नाई."

मी काहीतरी समजावायला गेले. सिनेमा म्हणजे तसा नाही, घरचाच आहे, मंडळाच्या गणपतीत दाखवायचाय. बाबांना ऐकू कमी येतं, आणि जे ऐकायचं नसतं ते तर अजिबात येत नाही. त्यानंतर दोन आठवडे त्यांनी फोनवर माझ्याशी फक्त हवामानाची चर्चा केली.

मला रागही आला, सांगते. तिसऱ्या दिवशी पोचलेल्या मुलीला एक पातळ धरायलाही मिळू नये? हे मी त्यांना म्हटलं नाही, पण वहिनीला म्हटलं, आणि वहिनीनं ते पोचवलं असणार. शेवटी मी हट्ट सोडला आणि जे झालं होतं तेवढंच भावाच्या फोनवर पाठवून दिलं. सोबत लिहिलं, बाबांना दाखव, एवढंच आहे, यात काही वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे माझ्या रात्री, बाबांचा फोन. स्वतःहून त्यांचा फोन वर्षात दोनदा येतो.

"वारा कोण्या बाजूनं येऊन राह्यला?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. मी वारा लावला होता, पण तो सगळीकडून सारखा, पातळ फुगावं एवढ्यापुरता. गच्चीला एका बाजूला भिंत होती, आणि वारा त्या भिंतीतून येत होता.

"आणि काठ कुठाय?"

"आहे ना बाबा, विटकरी रंगाचा."

"रंग दिसते मले. काठ कुठाय? काठाचा ताना दाट राह्यते. तिथं कापड लवकर वाकत नाई. तुझं सगळं एकसारखं वाकून राह्यलं. हे पातळ नोहे, धोतराचं पान आहे."

तीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला हे एका नजरेत दिसलं. रोज कपड्यांवर काम करणाऱ्या मला तीन महिन्यांत दिसलं नव्हतं. मी काठाला नुसता रंग दिला होता. खऱ्या पातळात काठ एखाद्या पट्टीसारखा थोडा ताठ असतो, त्यामुळे मधलं अंग फुगतं, काठ मागे राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये बारीक लाटा उठतात. त्या लाटा म्हणजेच ते जे मला सांगता येत नव्हतं. काचेमागच्या बुद्धाच्या अंगावरही वस्त्र दिसलं होतं ते कडेवरूनच.

मी म्हटलं, "बाबा, अजून काय चुकलंय?"

"असं कसं सांगू. पाहा लागते," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी वहिनीकडून सात व्हिडिओ आले. त्यांनी पेटी स्वतः उघडली होती. पातळ स्वतः धुतलं होतं, साबण न लावता. पहिल्या व्हिडिओत बाबा एक टोक धरून आणि वहिनी दुसरं धरून पिळताहेत. दोघं उलट्या दिशेनं वळवतात आणि मधे दोरखंड तयार होतो. बाबा म्हणतात, "सोड, सोड, हळू. फाटन." मग झटकणं. ओलं सूत झटकलं की जो आवाज होतो तो मोबाइलमधूनही ओळखू आला. घरात कुठेही असलं तरी त्या आवाजावरून कळायचं, माय गच्चीवर आहे.

पुढचे व्हिडिओ नुसते दोरीवरच्या पातळाचे. मोबाइल पाण्याच्या टाकीवर विटेला टेकवून ठेवलेला. मी ते किती वेळा पाहिले सांगत नाही. आधी पातळ जवळजवळ हलतच नाही, पाण्याच्या वजनानं सरळ लोंबतं. मग वरचा भाग सुकू लागतो आणि पाणी खाली उतरत जातं. वरचं अंग हलकं होऊन थरथरतं, पण खालची कड अजून ओली, जड, ती जागची हलत नाही. अर्ध्या तासानं वारा पहिल्यांदा खालच्या कोपऱ्याला उचलतो. माझ्या फिल्ममध्ये पातळ टाकल्या क्षणापासून नाचत होतं. म्हणजे माझ्या बाईनं वाळलेलंच पातळ वाळत घातलं होतं!

सगळं पुन्हा केलं. काठाला वेगळा ताठपणा दिला. वारा शेताच्या बाजूनं आणला, आणि भिंतीमागे तो अडेल अशी सोय केली. अर्ध्या तासाचं वाळणं चाळीस सेकंदांत बसवायचं तर सगळंच खोटं होतं, म्हणून वेळ मध्येच कापली: बाई खाली जाते तेव्हा पातळ जड आहे, आणि पुढच्या चित्रात सावली सरकलीय, पातळ हलकं झालंय. एकेका रात्रीत तीन-चार सेकंदांचा हिशेब व्हायचा. सकाळी उठून आधी कॉम्प्युटर, मग चहा.

डोक्यावरचा पदर राहिला होता. बाईच्या दोन्ही हातांत बादली, आणि जिना चढताना पदर दर वेळी घसरून मानेवर पडायचा. केसांवरचं घर्षण वाढवलं तर तो डोक्याला चिकटवल्यासारखा दिसे. यावर आमच्याकडे सोपा उपाय असतो, कापडाचे चार ठिपके पिन करून टाकायचे, म्हणजे ते जागचे हलत नाहीत. पण पिन कुठे करायचे? खऱ्या बाईच्या पदराला पिन नसते.

बाबांना विचारलं. आता ते रोज रात्री आठला फोनची वाट बघायचे असं वहिनी सांगत होती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"दातात धरे ती," ते म्हणाले. "डाव्या बाजूनं. हात मोकळे नसले की पदराचा काठ दातात धरे. म्हणून तर जिना चढताना कधी बोलत नव्हती. वर आल्यावर बोले."

माझ्या आठवणीत हे कुठेच नव्हतं. सतरा-अठरा वर्षं एका घरात राहून मी मायला जिना चढताना समोरून पाहिलेलंच नसणार, मी नेहमी आधीच वर नाहीतर खाली असायचे. मी डाव्या ओठाशी दोन ठिपके पिन केले. पदर राहिला. बाई गच्चीवर येते, बादली ठेवते, ओठ उघडते आणि ठिपके सुटतात. गणपतीत ते कुणाला दिसलं की नाही माहीत नाही, जेमतेम अर्धा सेकंद आहे.

पूर्ण झालेली फिल्म भावानं घरच्या टीव्हीवर लावली. वहिनी म्हणाली बाबांनी दोनदा बघितली आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रात्री फोनवर मला म्हणाले, "वारा थोडा जास्त झाला. बाकी बरं आहे." मी वारा कमी केला. तुम्ही पाहिलात तो कमी केलेला.

पातळ परत पेटीत गेलं का, हे मी विचारलं नाही. पण त्यानंतर बाबांनी टाकीवर वीट ठेवून मोबाइल लावणं सोडलेलं नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी, काही न लिहिता, एक व्हिडिओ येतो. एकदा त्यांचं धोतर होतं, एकदा नातवाचा शाळेचा शर्ट, दोन बाह्या वर, जणू शरण आलेला. परवा गमछा आला, ४१ सेकंद, आणि शेवटी भिंतीपलीकडून कुणीतरी विचारतं, "काय काढून राह्यले काका?" आणि बाबा, कॅमेऱ्यात न दिसता, "कापड. माझ्या पोरीले पाह्याचं राह्यते."